'मशागत व राखण': एदेन बागेतल्या दोन शब्दांविषयी

प्रश्न असा आला आहे: "पुण्यात कॅम्पात आमचा छोटा बायबल अभ्यासगट आहे. सध्या उत्पत्तीचे पहिले चार अध्याय वाचतो आहोत. दुसऱ्या अध्यायाच्या पंधराव्या वचनात देव माणसाला एदेन बागेत 'मशागत व राखण' करायला ठेवतो. गटातले एक काका म्हणतात, मशागत म्हणजे मुळात कष्ट, आणि कष्ट तर तिसऱ्या अध्यायात शिक्षा म्हणून येतात, म्हणजे इथे शब्द चुकला. एका ताईंना पवित्र शास्त्रात असा फारसी-अरबी वळणाचा शब्द खटकतो, त्या 'संगोपन' सुचवतात. शिवाय पहिल्या अध्यायात 'सत्ता चालवा' असं आहे. त्याच्याशी हे कसं जुळवायचं?"

शब्द चुकलेला नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. पण काकांनी व्युत्पत्ती बरोबर सांगितली आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

'मशागत' आला अरबी 'मशक्कत'वरून. त्याच्या मूळ धातूचा अर्थ चिरणं, फोडणं, आणि त्यावरून जड जाणं, कष्ट पडणं. चिरणं म्हटल्यावर नांगराची आठवण होते आणि 'म्हणूनच शेतीला हा शब्द' असं म्हणायचा मोह होतो. तो आवरलेला बरा, कारण मराठीत शब्द आला तो मेहनत या अर्थाने. हिंदी-उर्दूत तो अजून त्याच अर्थाने नांदतो. आपण जिला सक्तमजुरी म्हणतो ती तिकडे 'बामशक्कत कैद'. म्हणजे शेजारच्या भाषेत जो शब्द तुरुंगात आहे, तो आपल्याकडे शिवारात आला आणि तिथलाच झाला. नांगरट, कुळवणी, ढेकळं फोडणं, शेणखत पसरणं, मग खुरपणी आणि कोळपणी हे सगळं मिळून मशागत. शेतीची पुस्तकं 'पूर्वमशागत' आणि 'आंतरमशागत' असे तिचे भाग करतात. तालमीतला वस्ताद शरीराची मशागत म्हणतो, शिक्षक मुलांच्या मनाची मशागत म्हणतात. यात कुठेही शिक्षेचा वास नाही. घाम आहे, पण तो काहीतरी उगवावं म्हणून गाळलेला.

'पवित्र शास्त्रात परका शब्द नको' म्हणणाऱ्या ताईंनी शेजारच्याच 'बाग' या शब्दाकडे पाहावं. तोही फारसी. जमीन, हंगाम, खरीप, रब्बी, जिरायत, बागायत हे सगळे त्याच वाटेने आले आहेत, त्यांना वगळून मराठीत शेतीबद्दल चार वाक्यं बोलणं अवघड. आणि मौज पाहा, ज्यांनी हिब्रू शास्त्र प्रथम ग्रीकमध्ये नेलं त्यांनीही एदेनच्या बागेसाठी 'परादेइसोस' हा मूळचा इराणी शब्दच उचलला. कुंपण घातलेली बाग असा त्याचा अर्थ. पुढे त्यालाच स्वर्गाचा अर्थ चिकटला.

'संगोपन' सुंदर शब्द आहे, पण तो मुलांचा आणि जनावरांचा. बागेचं संगोपन म्हटलं की हातातलं खुरपं दिसेनासं होतं. आपल्याच जिल्ह्यात केडगावला पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्ख्या बायबलचं मराठी भाषांतर केलं, १९२२ साली वारल्या तोवर त्यांना हेच काम लागलेलं होतं. साध्या बायकांना वाचून कळावी अशी मराठी त्यांना हवी होती. मशागत हा शब्द त्या कसोटीला उतरतो. दौंड-पुरंदरकडच्या कुठल्याही शेतकरी बाईला तो समजावून सांगावा लागत नाही.

आता मूळ हिब्रूकडे. तिथे दोन क्रियापदं आहेत, 'आवाद' आणि 'शामार'.

'आवाद' म्हणजे काम करणं, राबणं, आणि सेवा करणंही. त्याच धातूपासून 'एवेद', सेवक किंवा दास, हा शब्द होतो. देवाची उपासना करणं यालाही हेच क्रियापद. मराठी 'मशागत' यातली कामाची बाजू चोख पकडते, सेवेची बाजू मात्र हातून सुटते. माझ्या मते भाषांतरात खरोखर काही हरवलं असेल तर ते हे. पण आपल्या बोलीत ते शिल्लक आहे. शेतकरी 'काळ्या आईची सेवा करतो' असं म्हणतो, तेव्हा तो आवाद या शब्दाचा पूर्ण अर्थ एका दमात सांगत असतो. गटात वचन वाचताना 'मशागत' वाचा आणि समजावताना हे वाक्य वापरा.

'शामार' म्हणजे राखणं, आणि इथे तर मराठीचं नशीबच उघडलं आहे. हिब्रूत शामार पहारेकऱ्याला लागतो, मेंढरं राखण्याला लागतो, शब्बाथ (आठवड्याचा विसाव्याचा पवित्र दिवस) आणि आज्ञा पाळण्याला लागतो. 'परमेश्वर तुला आशीर्वाद देवो आणि तुझं रक्षण करो' या बायबलमधल्या 'गणना' पुस्तकाच्या सहाव्या अध्यायातल्या आशीर्वादातही तोच आहे. मराठीतही आपण शेत राखतो, मान राखतो, शब्द राखतो, बियाणं राखून ठेवतो. काही नव्या भाषांतरांत 'राखण'च्या जागी 'काळजी घेणे' येतं, ते मला पटत नाही. काळजी घरात बसूनही घेता येते. राखणीला जागेवर जावं लागतं.

माझं आजोळ पुरंदर तालुक्यातलं, अंजिराच्या बागेचं. आळी करणं, छाटणी, खत, खुरपणी ही मशागत, आणि तिला घरातले सगळे असत. अंजीर पिकायला लागले की मशागत जवळजवळ थांबायची आणि राखण सुरू व्हायची. दिवसा बुलबुल, रात्री वटवाघळं. 'आजोबा कुठे गेले?' विचारलं तर आजी म्हणायची, 'राखणीला.' तिथे हातांना फारसं काम नसे, कान आणि डोळे जागे लागत. मशागत जमीन बदलते, राखण आहे ते टिकवते. दोन्ही कामं एकाच माणसाकडे, एकाच बागेत. वचनातला 'व' मला म्हणूनच फार महत्त्वाचा वाटतो.

एक बारकावा फक्त हौस म्हणून. हिब्रूत बागेचा शब्द 'गान' एरवी पुल्लिंगी चालतो, पण या वचनात 'तिची' असं स्त्रीलिंगी सर्वनाम येतं. त्यामुळे काही अभ्यासक म्हणतात, ही 'ती' म्हणजे बाग नसून 'अदामा', माती. मराठीत बागही ती आणि मातीही ती, त्यामुळे आपल्याला खाचखळगा लागतच नाही. 'अदामा' वरून 'आदाम', मातीतला म्हणून माणूस. आपण 'भला आदमी' म्हणतो तो आदमीही अरबीतून त्याच आदामाचा.

काकांच्या मुद्द्याचं खरं उत्तर या दोन क्रियापदांच्या पुढच्या प्रवासात आहे. 'आवाद' पहिल्यांदा येतो २:५ मध्ये, म्हणजे दुसऱ्या अध्यायाच्या पाचव्या वचनात. जमिनीची मशागत करायला अजून माणूस नव्हता, असं तिथे म्हटलं आहे. म्हणजे काम माणसाच्याही आधीपासून वाट पाहत होतं, शिक्षा म्हणून नंतर शोधलेलं नाही. तिसऱ्या अध्यायात कष्टांसाठी वेगळाच शब्द येतो, 'इत्सावोन', ज्यात वेदना आहे. तिथे शाप भूमीला लागतो, कामाला नाही. मग ३:२३ मध्ये माणसाला बागेबाहेर काढताना पुन्हा 'आवाद' येतो: ज्या मातीतून घेतला तिचीच मशागत करायला. पण या वेळी 'शामार' बरोबर येत नाही. तो शब्द पुढच्याच वचनात दुसऱ्या कुणाला दिला आहे. जीवनवृक्षाची वाट राखायला करूब, म्हणजे पंख असलेले स्वर्गीय पहारेकरी, उभे राहतात. मशागत माणसाकडे उरली, राखण काढून घेतली गेली.

आणि चौथा अध्याय. आदामाचा मुलगा काइन, त्याची ओळख काय करून दिली आहे? जमिनीची मशागत करणारा, 'आवाद' करणारा. भावाला मारल्यावर देव विचारतो, हाबेल कुठे आहे? तेव्हा तो उलट विचारतो: मी काय माझ्या भावाचा राखणदार आहे? तिथे 'शोमेर' आहे, 'शामार'पासूनचाच शब्द. बागेत जोडीने दिलेल्या दोन शब्दांपैकी एक धरून आणि दुसरा झटकून बोलणारा हा पहिला माणूस. त्यानंतरची शिक्षाही मशागतीलाच लागते: तू मशागत केलीस तरी भूमी तुला आपलं सत्त्व देणार नाही. मराठी वाचकाला हा धागा दिसायचा असेल तर दोन्ही ठिकाणी 'राख-' हा धातू दिसला पाहिजे. दुसऱ्या अध्यायात 'काळजी' आणि चौथ्यात 'राखणदार' असं झालं की धागा तुटला.

राहिला प्रश्न 'सत्ता चालवा'चा. इथे गोड बोलून चालणार नाही. १:२८ मध्ये दोन क्रियापदं आहेत, 'कावाश' आणि 'रादा'. 'कावाश' कठोर आहे. यिर्मयाच्या पुस्तकाच्या चौतिसाव्या अध्यायात माणसांना पुन्हा गुलाम करण्यासाठी तोच येतो. 'रादा' म्हणजे राज्य करणं. ते कसं करायचं हे त्या शब्दात नाही. लेवीयाच्या पंचविसाव्या अध्यायात आपल्या भावावर 'कठोरपणे' सत्ता चालवू नको असं बजावलंय. यहेज्केलाच्या चौतिसाव्यात मेंढपाळांना दोष दिलाय तो जुलमाने सत्ता चालवल्याचा. क्रियाविशेषण जोडावं लागतं, यावरूनच शब्दाची प्रकृती कळते. मराठी 'सत्ता' तर मुळात राज्याचा शब्दच नव्हे. 'सत्' वरून सत्ता, म्हणजे असणं, अस्तित्व. वेदान्तात तो अजून त्याच अर्थाने येतो. व्यवहारात मात्र 'सत्ता' म्हटल्यावर आपल्याला खुर्ची आणि सत्ताधारी आठवतात, म्हणून वचन जास्तच कडक ऐकू येतं.

इतिहासकार लिन व्हाइट यांनी १९६७ साली 'सायन्स' या नियतकालिकात पर्यावरणाच्या संकटाची मुळं पाश्चात्त्य ख्रिस्ती विचारात शोधली, तेव्हापासून या वचनावर वाद आहे. आरोप पूर्ण खोटा नाही. एकटं १:२८ उचलून भूमी ओरबाडणारे लोक झालेच. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या परिपत्रकात त्याला उत्तर देताना २:१५ चाच आधार घेतला. मी आणखी जवळचं वचन दाखवेन. सत्तेच्या लगेच पुढे, १:२९ आणि ३० मध्ये, माणसाला बीज देणाऱ्या वनस्पती आणि फळं दिली आहेत, आणि पाखरांना, जनावरांना हिरवा पाला. ताटं दोघांची वाढली आहेत. मांस खायची परवानगी थेट जलप्रलयानंतर, नवव्या अध्यायात मिळते. देहूच्या तुकोबांची गोष्ट आपल्याकडे सांगतात: राखणीला बसले आणि पाखरांना दाणे टिपू दिले. शेतमालकाच्या दृष्टीने ती राखण फसलेली होती. १:३० वाचताना मला तीच गोष्ट आठवते.

तुमच्या गटाला आजच्या जगण्यातलं उदाहरण हवं असेल तर वेताळ टेकडीवर जा. पावसाळ्यात रोपं लावायला बरेच हात येतात, फोटोही निघतात. एप्रिल-मे मध्ये पाण्याचे कॅन घेऊन चढणारे थोडे असतात. त्यांतल्या एका आजोबांना मी विचारलं, रोज येता का? ते म्हणाले, 'लावली मी नाहीत. राखतो फक्त.'

आणि लिहिताना एक लक्षात असू द्या: 'मशागत' आणि 'राखण' दोन्ही स्त्रीलिंगी, म्हणून 'तिची मशागत व राखण करण्यास' हे व्याकरणाने निर्दोष आहे. 'राखणीला बसणे', 'राखणीला ठेवणे' ही रूपंही चालतात. 'रखवाली' मात्र हिंदीकडून आलेली, ती इथे नको.