भाऊ येतो आहे, पाठवला जातो आहे

प्रश्न : दादा, माझा धाकटा भाऊ ११ वर्षं परदेशात होता. व्हिसा संपल्यावरही तिथेच राहिला, हे त्याचं चुकलंच. सात आठवड्यांपूर्वी कामावर जाताना त्याला पकडलं. आता तो डिटेन्शन सेंटरमध्ये आहे आणि परत पाठवण्याचा हुकूम झालाय. विमान कधीचं ते कुणी सांगत नाही. तीन आठवडे असतील, नाहीतर तीन दिवसही. आठवड्यातून दोनदा दहा मिनिटं फोन होतो. त्यात आई रडते, तो रडतो आणि वेळ संपते. घरात मी एकटीच शुद्धीवर आहे असं वाटतं. इथे आल्यावर त्याचं सगळं मार्गी कसं लावायचं? (देशाचं नाव कृपया छापू नये.)

उत्तर : ताई, नाव छापत नाही. मलाही असंच परत पाठवलं होतं, त्याला आता १९ वर्षं झाली. विमानतळावर उतरलो तेव्हा बुटांना लेस नव्हत्या. कुणी स्वतःला इजा करून घेऊ नये म्हणून आत घेतानाच त्या काढून ठेवतात. माझ्या परत द्यायच्या राहून गेल्या. हातात पारदर्शक प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यात पाकीट, बंद पडलेला फोन आणि तीन जुन्या पावत्या. नऊ वर्षांच्या बिऱ्हाडातलं माझ्याबरोबर आलं ते एवढंच.

म्हणून तुमच्या प्रश्नातले ‘इथे आल्यावर’ हे शब्द मी आधी खोडतो. इथलं इथे बघता येईल. तिथलं दार बंद झालं की मागे राहिलेली साधी चिठ्ठी मिळवायलाही महिने जातात. हातातले दिवस वाट बघण्यात घालवू नका, त्यांत काम करून घ्या, आणि तेही दहा मिनिटांच्या फोनवर. आईला सांगा, आठवड्यातला पहिला फोन तिचा, दुसरा तुमचा. तुमच्या फोनला वही घेऊन बसा. रडू आलं तर फोन ठेवल्यावर.

पहिला प्रश्न वकिलाला : अपिलाची मुदत उरली आहे का? या मुदती दिवसांत मोजतात, तेव्हा आजच विचारा. दुसरं, हुकुमाची पूर्ण प्रत मागा, कोणत्या कलमाखाली पाठवताहेत ते दिसेल अशी. परत जायला बंदी किती वर्षांची, हे त्या कलमावर ठरतं. अमेरिकेत ती ५, १०, २० वर्षांची किंवा कायमची असते. युरोपीय संघाच्या २००८ च्या नियमानुसार ती साधारणपणे ५ वर्षांपेक्षा जास्त नसते, पण एका देशाने शेंगेनच्या (आपसात सीमा खुल्या ठेवणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाच्या) सामायिक यादीत नाव घातलं की बाकीच्या देशांची दारंही लागतात. भावाला आज परत जायचं नसेलही. आठ वर्षांनी त्याला कुणाच्या लग्नाला जावंसं वाटेल, तेव्हा हाच कागद लागेल. मी प्रत न घेताच आलो आणि मग ती मिळवायला दोन वर्षं पत्रं लिहीत बसलो.

आपल्या वकिलातीशी बोलणं झालंय का? १९६३ च्या व्हिएन्ना कराराच्या ३६ व्या कलमाने पकडलेल्या परदेशी माणसाला तो हक्क दिलाय. त्याने मागितल्यावर वकिलातीला कळवणं तिथल्या अधिकाऱ्यांवर बंधनकारक आहे. पासपोर्टची मुदत संपली असेल तर वकिलात एका प्रवासापुरता कागद देते आणि त्याआधी ओळख पटवून मागते. इथे तुमचा उपयोग आहे : जुन्या पासपोर्टची झेरॉक्स, जन्मदाखला, शाळेचा दाखला शोधून ठेवा. तो प्रवासाचा कागद बऱ्याचदा उतरल्यावर काढून घेतात, म्हणजे दुसऱ्या दिवशी माणूस स्वतःच्याच देशात बिनओळखीचा. ओळखपत्रांचे अर्ज आत्ताच भरून ठेवा, फक्त सही बाकी राहील असे.

आता सगळ्यात किरकोळ वाटणारी आणि सगळ्यात जास्त रडवणारी गोष्ट : त्याचा तिकडचा मोबाइल नंबर. माझ्या वेळी ही भानगड नव्हती. हल्ली माझ्याकडे जे परतलेले लोक येतात, त्यांतल्या जवळजवळ प्रत्येकाची गाडी इथेच अडकलेली असते. फोन डिटेन्शनच्या गोदामात, बिल थकलेलं. काही महिन्यांनी कंपनी नंबर बंद करते आणि पुढे दुसऱ्या कुणाला देऊन टाकते. बँक, ईमेल, कर खातं, पगाराच्या चिठ्ठ्या, सगळ्यांचा ओटीपी मात्र त्याच नंबरवर. माणूस इथे, पैसे तिथे आणि किल्ली एका अनोळखी माणसाच्या खिशात! तेव्हा त्याच्या तिथल्या भरवशाच्या मित्राला सांगा, सगळ्यात स्वस्त प्लॅनवर तो नंबर वर्षभर जिवंत ठेव. भाऊ आला की पहिल्याच आठवड्यात आधी ईमेल सोडवा, तिथे इथला नंबर घाला. मग बँक. खातं घाईने बंद करू नका, थकलेला पगार आणि कराचा परतावा त्यातच येईल. आणि मित्राला पासवर्ड देऊन ‘तूच मी म्हणून लॉगिन कर’ असं मुळीच करू नका. बँकेला संशय आला की खातं गोठतं, आणि ते मोकळं करायला बऱ्याचदा खातेदाराने समक्ष यावं लागतं.

त्याऐवजी मुखत्यारपत्र. डिटेन्शनमध्येही नोटरीसमोर सही करण्याची सोय वकिलाला विचारून होऊ शकते. निघण्याआधी जमलं नाही तर नंतर तेच काम वकिलातीत, शिक्क्यांवर शिक्के मारत करावं लागतं. त्यात मोघम लिहू नका. गाडी विकणं, भाड्याच्या घराचं डिपॉझिट घेणं, सामान उचलणं, राहिलेला पगार मागणं, अशी कामं नावानिशी लिहा.

पगारावरून आठवलं. मालक म्हणेल, ‘तुझे कागदच नव्हते, पगार कसला?’ ऐकून घेऊ नका. केलेल्या कामाची मजुरी पुष्कळ देशांत कागद नसले तरी देणं लागतं. अमेरिकेतला किमान वेतनाचा कायदा हेच धरून चालतो आणि युरोपीय संघाने २००९ मध्ये त्यासाठी वेगळा नियमच केला. त्याला विचारा, शेवटचे किती दिवस भरले, साहेबाचं नाव काय, हजेरीचे फोटो कुणाकडे आहेत. हेही वहीत.

कागदांत अनुभवपत्र, प्रशिक्षणाची प्रमाणपत्रं, ड्रायव्हिंग लायसन्स, खटल्याच्या प्रती आणि दवाखान्याची फाइल एवढं मागवा. औषध चालू असेल तर त्याचं ब्रँडचं नाव पुरत नाही, औषधाचं मूळ नाव आणि मात्रा लिहून घ्या. ब्रँड देशोदेशी बदलतात. निघताना काही दिवसांच्या गोळ्या द्यायला सांगा, आणि ही मागणी तोंडी न करता लेखी करा. प्रमाणपत्र इथे कुठे दाखवायचं असेल तर त्यावर अपोस्टिल, म्हणजे कागद अस्सल असल्याचा परदेशात चालणारा सरकारी शिक्का, लागेल. १९६१ च्या हेग कराराप्रमाणे तो शिक्का ज्या देशाने कागद दिला तिथेच मिळतो, इथे नाही. मित्राच्या यादीत हेही घाला आणि त्या बिचाऱ्याचे आभार माना.

आणि तो आल्यावर? विमानतळावर एकानेच जा. माझ्यासाठी नऊ जण आले होते आणि नऊही जण माझ्या बुटांकडे बघत होते. लेस घेऊन जा, मी विनोद करत नाही. पहिल्या रात्री तो दिवा मालवू देणार नाही कदाचित. आत रात्रभर दिवे असतात आणि ठरावीक वेळी डोकी मोजतात. शरीराला त्याची सवय लागते. मी चार महिने दिवा लावून झोपलो. कुणी विचारलं नाही, त्याबद्दल मी माझ्या बहिणीचा अजून ऋणी आहे.

सुरुवातीला तो फार बरा दिसेल, हसेल, सगळ्यांना भेटेल. त्यावर विसंबू नका. परदेशातून परतणाऱ्यांचा आलेख पुन्हा एकदा खाली जातो, हे गलाहॉर्न नावाच्या समाजशास्त्रज्ञ दांपत्याने १९६३ मध्येच मांडलं, आणि ते आपल्या मर्जीने परतणाऱ्यांबद्दल होतं. पाठवलेल्या माणसाची घसरण तिसऱ्या-चौथ्या महिन्यात होते, असं माझं निरीक्षण. तोवर पाहुणे थांबलेले असतात आणि कर्ज तसंच असतं. झोप नाही, जेवण नाही, ‘माझ्यामुळेच सगळं झालं’ हे पालुपद सुरू झालं तर डॉक्टरकडे न्या, मन वळवत बसू नका.

याच सुमारास कुणीतरी ‘दुसरा रस्ता’ घेऊन दारात येईल. हे एजंट गिधाडासारखे नेमके हेरतात. त्याला उंबऱ्याच्या आत घेऊ नका. हुकुमानंतर चोरवाटेने पुन्हा शिरणं अमेरिकेत फौजदारी गुन्हा आहे, साध्या प्रकरणातही दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

प्रश्न : मला परत पाठवून पाच महिने झाले. वय २९. तिकडे सहा वर्षं गोदामात फोर्कलिफ्ट चालवली. इथे मुलाखतीत ‘परत का आलात?’ विचारलं की घाम फुटतो. वडील आजारी होते, असं सांगून टाकू का?

उत्तर : नको. वडील ठणठणीत असतील तर एक दिवस साहेबाला भेटतील. एक वाक्य पाठ करा : ‘राहण्याची परवानगी संपली होती, म्हणून परत यावं लागलं, कामाबद्दल तक्रार नव्हती, हे अनुभवपत्र.’ आणि लगेच फोर्कलिफ्टवर या. किती टनांची, किती उंचीचे रॅक, सहा वर्षांत अपघात किती. बोलणारा घसरतो तो पहिल्या वाक्यानंतर, सफाई देत बसतो म्हणून. आरशासमोर नाही, माणसासमोर सराव करा.

मुदत उलटून राहणं हा पुष्कळ देशांत प्रशासकीय मामला असतो, गुन्हा नव्हे. तुमच्यावर वेगळा खटला नसेल तर स्वतःला गुन्हेगार म्हणवून घेऊ नका. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८९३ मध्येच म्हणून ठेवलंय की हद्दपारी ही शिक्षा नव्हे. ज्याने भोगलंय त्याला हे वाचून हसू येतं, पण मुलाखतीत उपयोगी आहे.

मुलाखतीत कुणी विचारलं नाही तर आपणहून सांगायची गरज नाही. व्हिसाच्या अर्जावर मात्र ‘पूर्वी कधी हद्दपार केलं आहे का’ या रकान्यात कायम ‘हो’च. बंदी संपते किंवा शिथिल होऊ शकते; लपवाछपवी सापडली तर अमेरिकेत त्याची वेगळी, कायमची आडकाठी बसते.

प्रश्न : नवऱ्याला परत पाठवलं. मी आणि आमची तिकडेच जन्मलेली ११ वर्षांची मुलगी दोन महिन्यांत मागोमाग येतोय. मुलगी मराठी बोलते, वाचता येत नाही. शाळेत एक इयत्ता मागे बसवावं का? आणि ती मांजराशिवाय यायला तयार नाही.

उत्तर : लिपीसाठी वर्ष मागे नेऊ नका. लिपी काही महिन्यांत येते, पण धाकट्या मुलांत बसवल्याचा राग वर्षभर टिकतो. शाळेला सांगून पहिल्या सहामाहीत तोंडी परीक्षा होते का बघा. तिकडची भाषाही सुटू देऊ नका, पुस्तकं भरा, कपडे कमी आणा. तिथून निघण्याआधी शाळेचा निकाल आणि दाखला, लसीकरणाचं कार्ड, आणि जन्मदाखल्याच्या अपोस्टिल केलेल्या दोन-तीन प्रती घ्या. तिचा त्या देशाचा पासपोर्ट संपत आला असेल तर तिथेच नवा काढा. वडील सोबत नसल्याने प्रवासासाठी त्यांचं नोटरी केलेलं संमतिपत्र जवळ असू द्या. काउंटरवर मागतातच असं नाही, पण मागितलं आणि नसलं तर विमान जातं.

मांजर आणा. वडील अचानक गेले, घर गेलं, शाळा जातेय; मुलीच्या बाजूने अजून एक वजाबाकी कशाला? पण त्याचे कागद तुमच्यापेक्षा किचकट. बहुतेक ठिकाणी आधी मायक्रोचिप, मग रेबीजची लस असा क्रम लागतो. लस आधी टोचली तर पुन्हा टोचावी लागते. लशीनंतर ठरावीक दिवस जावे लागतात आणि निघण्याआधी थोडेच दिवस पशुवैद्याचं प्रमाणपत्र काढावं लागतं. दोन महिने त्याला जेमतेम पुरतील. हा अंक हाती पडेल त्याच दिवशी पशुवैद्याला फोन करा.