वाचकांचे प्रश्न : खनिजाची निर्यात, गावची विहीर आणि भातशेती

प्रश्न : गोव्यात लोहखनिजाच्या खाणी बंद होत्या तेव्हा आमच्या विहिरीला मे अखेरपर्यंत पाणी असायचं. आता जवळच पुन्हा खाण सुरू होणार आहे. उद्या विहीर आटली तर ती खाणीमुळेच, हे दाखवायचं कसं? (एक वाचक, डिचोली)

नोंद आजच सुरू करा. खाण सुरू होण्याआधीच्या एका उन्हाळ्याच्या नोंदी हातात नसतील, तर नंतर कितीही मोजलं तरी समोरचा म्हणणार, विहीर पहिल्यापासून अशीच होती.

मुळात हे घडतं कसं? डिचोली, सत्तरी, सांगे या पट्ट्यात वरचा जांभा पाणी धरतो. त्याखाली बहुतेक ठिकाणी चिकण मातीचा थर असतो, आणि त्याखालची भुसभुशीत खनिज पावडरही पाणी धरणारीच असते. म्हणजे जो माल जहाजात भरायचा, त्याच थरात गावाचं पाणी साठलेलं असतं. खाणीचा खंदक भूजलपातळीच्या खाली गेला की तळाला पाणी लागतं. ते उपसल्याशिवाय माल काढता येत नाही, म्हणून पंप लावून ते ओहोळात सोडतात. पंप चालतात तोवर भोवतालचं पाणी खंदकाकडे ओढलं जातं. झरी आधी आटतात, मग उथळ विहिरी, मग कुळागरं (सुपारी-नारळाच्या बागा) सुकू लागतात.

मोजायचं असं. विहिरीच्या कठड्यावर ऑइलपेंटने एक पक्की खूण करा. मोजपट्टीला वजन बांधून दर वेळी त्याच खुणेपासून पाण्यापर्यंतचं अंतर घ्या. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, पहाटे, घरचा पंप लावण्याआधी. संध्याकाळी मोजलंत तर तुमचाच दिवसभराचा उपसा त्यात मिसळतो आणि नोंद निकामी होते. वहीत तारीख, वेळ, अंतर आणि पावसाळ्यात पडलेला पाऊस लिहा. तीन मीटर व्यासाच्या विहिरीत पातळी एक मीटर उतरली म्हणजे सुमारे ७,००० लिटर पाणी गेलं.

याच्या जोडीला खाणीपासून दूरची, दुसऱ्या ओहोळाच्या खोऱ्यातली एक विहीर त्याच दिवशी मोजायला हवी. तक्रारी बहुधा इथेच लंगड्या पडतात. दोन्ही विहिरी सारख्याच उतरल्या तर कारण पावसाचं असू शकतं. पाऊस नेहमीसारखा होऊनही फक्त जवळचीच उतरली, तर उपशाकडे बोट दाखवता येतं. पंप केव्हा सुरू-बंद झाले हे कळत असेल तर तेही टिपा.

प्रश्न : निर्यातीतून देशाला परकीय चलन मिळतं. मग थोडं नुकसान सोसायला काय हरकत आहे? (एक विद्यार्थी, पुणे)

चलन देशाला मिळतं आणि नुकसान चार तालुके सोसतात. हरकत इथे आहे.

गोव्याचं खनिज प्रामुख्याने कमी प्रतीचं. देशातल्या पोलाद कारखान्यांनी ते फारसं घेतलं नाही, म्हणून जवळजवळ सगळंच बाहेर गेलं, आधी जपानला, पुढे चीनला. चीनची मागणी वाढली तशी गोव्यातून होणारी निर्यात वर्षाला पाच कोटी टनांच्या आसपास पोचली. एक टन माल काढायला साधारण अडीच ते तीन टन टाकाऊ माती हलवावी लागते. २,००० टनांची एक बार्ज (सपाट तळाची मालवाहू बोट) मांडवीतून मुरगावकडे निघते तेव्हा रस्त्यावरून दहा टनी ट्रकच्या २०० खेपा झालेल्या असतात आणि मागे डोंगरात पाच-सहा हजार टन मातीची भर पडलेली असते. बिलावर फक्त २,००० टन येतात.

भाव चढला की आणखी एक गोष्ट होते. जुन्या ढिगांतला पूर्वी फेकलेला मालही विकला जाऊ लागतो. ज्या ढिगांवर झाडोरा उभा राहून माती बसली होती, तेच पुन्हा उकरले जातात आणि पहिल्याच मोठ्या पावसात ओहोळ लाल होतात. सत्तरीतला ढीग कधी हलवायचा हे परदेशातल्या भावावर ठरतं.

खर्च वसूल करण्याचे उपाय अगदीच नाहीत असं नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली गोव्यासाठी वर्षाला दोन कोटी टनांची तात्पुरती मर्यादा घातली आणि विक्रीच्या १० टक्के रक्कम कायम निधीत ठेवायला सांगितलं. पुढे २०१८ मध्ये खाणींच्या ८८ लिजांचं (भाडेपट्ट्यांचं) नूतनीकरण रद्द केलं. निर्यात शुल्काचं मात्र धोरण म्हणून काही बसलं नाही. २०११ च्या अखेरीस ते ३० टक्के झालं, २०१६ मध्ये कमी प्रतीच्या मालावर शून्य, मे २०२२ मध्ये ५० टक्के आणि त्याच नोव्हेंबरात पुन्हा शून्य. हे चढउतार बाजार आणि देशातला पोलादाचा भाव पाहून झाले. विहिरी पाहून एकदाही नाही, आणि माझ्या मते खरी चूक तीच आहे.

प्रश्न : खाणीची लाल माती भातशेतीत भरली आहे. काय करावं? (एक शेतकरी, सत्तरी)

आधी पंचनामा, मग साफसफाई. मापाची काठी गाळात उभी करून फोटो काढा, तलाठी आणि विभागीय कृषी कार्यालयाला लेखी कळवून पोच घ्या. एक हेक्टरवर एक सेंटिमीटर थर म्हणजे १०० घनमीटर गाळ. भरपाई मागताना हा हिशेब कामी येतो.

थर जाड असेल तर कापणीनंतर, जमीन कोरडी असताना काढा. ओल्यात यंत्र घातलं तर खालची चांगली माती दाबली जाते. गाळाचा आणि मूळ मातीचा नमुना वेगवेगळा तपासून घ्या. जुन्या पानांवर टोकाकडून तपकिरी ठिपके येत असतील आणि मुळांवर गंजासारखा थर दिसत असेल, तर पाणी साचून विरघळलेलं लोह पिकाला बाधतंय. अशा खाचरात पाणी तुंबून ठेवू नका, मधून काढून टाका. पालाशची कमतरता असेल तर हा त्रास वाढतो. चुना परीक्षणाच्या अहवालात सांगितला तेवढाच टाका. आणि वरच्या ओहोळावर गाळ अडवणारं तळं नसेल, किंवा असूनही पावसाआधी उपसलेलं नसेल, तर पुढच्या वर्षी शेतात तीच माती पुन्हा येणार. हे तळं मेअखेर रिकामं आहे का, ते पंचायतीमार्फत पाहायला लावा.

प्रश्न : जनसुनावणीत आमच्या म्हणण्याला काही किंमत असते का? (एक वाचक, दोडामार्ग)

असते, ते लेखी असेल तर. पर्यावरण मंजुरीआधीच्या या सुनावणीची सूचना किमान ३० दिवस आधी द्यावी लागते आणि खाणीच्या पर्यावरणावरील परिणामांच्या अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत मिळतो. त्यात तीनच गोष्टी आधी शोधा : खंदकाचा तळ भूजलाच्या किती खाली जाणार, उपसलेलं पाणी कुठे सोडणार, टाकाऊ माती कुठे रचणार. तुमच्याच तालुक्यात कळणे इथे जुलै २०२१ मध्ये खाणीचा बांध फुटून पाणी आणि चिखल वस्तीत शिरला होता, म्हणून बांधाचा आराखडाही मागा. आपल्या विहिरीच्या नोंदी जोडून निवेदन द्या. शेवटी इतिवृत्त स्थानिक भाषेत वाचून दाखवणं बंधनकारक आहे. तुमचा मुद्दा त्यात आला नसेल तर तिथेच उठून सांगा. मंजुरी मिळाली तर हरित लवादाकडे अपिलाची मुदत ३० दिवसांची. सबळ कारण दाखवलं तर आणखी ६० दिवसांपर्यंत वाढू शकते.