डॉक्टर, एक विचारू? : दुर्बिणीचं ऑपरेशन आणि आतून चिकटू नये म्हणून ठेवायची जाळी

प्रश्न : माझं वय ३३, लग्नाला पाच वर्षं झाली, अजून मूल नाही. गर्भाशयाच्या मागच्या बाजूला फायब्रॉईडची मोठी गाठ आहे, पुढच्या महिन्यात दुर्बिणीतून काढायचीये. आतडी आणि ट्यूब चिकटू नयेत म्हणून एक जाळी ठेवू, त्याचा खर्च वेगळा, असं डॉक्टर म्हणाले. घरचे म्हणतात दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये काही चिकटत नाही, उगाच बिल वाढवतायत. काय करू? (संगमनेर)

उत्तर : ताई, घरच्यांचं अर्धंच बरोबर आहे. पोट उघडून केलेल्या ऑपरेशनपेक्षा दुर्बिणीत चिकटणं कमी होतं, पण होतच नाही असं नाही, आणि गाठ काढताना तर गर्भाशयाला मोठी चीर देऊन टाके घालावे लागतात, त्यात तुमची गाठ मागच्या बाजूला, तिथली चीर पुढच्यापेक्षा जास्त चिकटते आणि ट्यूब-ओव्हरी अगदी शेजारीच असतात. म्हणून तुमच्या बाबतीत जाळीचा विचार करणं मला तरी उगाच वाटत नाही.

पोटाच्या आतलं नाजूक अस्तर खरचटलं की तिथे फायब्रिन नावाचं, रक्त गोठवणारं चिकट प्रथिन साचतं, ते शरीराने वेळेत विरघळवलं नाही तर शेजारचा अवयव त्याला चिकटतो आणि मग तिथे पक्के पडदे तयार होतात. ही सगळी घडामोड पहिल्या आठवड्यातच होते. तेवढे दिवस दोन पृष्ठभाग एकमेकांपासून लांब ठेवणं एवढंच जाळीचं काम, नंतर ती आपोआप विरघळते, काढायला परत ऑपरेशन लागत नाही.

इंटरसीड नावाची जाळी सेल्युलोजची असते, साधारण ३ बाय ४ इंचाचा विणलेल्या कापडासारखा तुकडा. ती ठेवणं दिसतं तितकं सोपं नाही. टाके झाले की पोट धुवायचं, पोट फुगवायला भरलेल्या गॅसचं प्रेशर कमी करून पुन्हा बघायचं कारण प्रेशरखाली बारीक शिरांचं रक्त दबून राहतं आणि सगळं कोरडं असल्यासारखं वाटतं, मग साचलेलं पाणी शोषून घ्यायचं आणि अगदी शेवटी कोरडी जाळी पोर्टमधून (छिद्रात बसवलेल्या नळीतून) आत नेऊन टाक्यांच्या पलीकडे थोडी जाईल अशी पसरायची, वरून सलाईनचे काही थेंब की ती बसते. खाली रक्त झिरपत असेल तर जाळी काळी पडते, आणि अशी काळी जाळी उपयोगाची नाही, उलट चिकटणं वाढू शकतं. सेप्राफिल्म ही दुसरी, पातळ फिल्मसारखी जाळी तर ओल्या ग्लोव्हजलाच चिकटते आणि दुमडली की तुटते, त्यामुळे दुर्बिणीतून ती नेणं अजूनच अवघड.

म्हणून डॉक्टरांना "जाळी ठेवणार का" एवढंच विचारू नका, "रक्त पूर्ण थांबलं नाही तर काय कराल" हेही विचारा. "मग ठेवणार नाही" असं उत्तर आलं तर मला त्यांच्यावर भरवसा वाटेल. अमेरिकेत इंटरसीडला १९८९ मध्ये मंजुरी मिळाली ती पोट उघडून केलेल्या स्त्रीरोगाच्या ऑपरेशनसाठी, दुर्बिणीत ती डॉक्टर स्वतःच्या निर्णयाने वापरतात, हे तुम्हाला सांगून संमती घ्यायला हवी. आणि जाळीने चिकटणं कमी होतं, पण त्यामुळे दिवस राहण्याची शक्यता वाढते असा पक्का पुरावा नाहीये, तेव्हा ती आशा धरून पैसे भरू नका.

प्रश्न : माझ्या बहिणीचं इंग्लंडमध्ये, लेस्टरला दुर्बिणीतून ऑपरेशन झालं, आत चिकटलेलं सोडवलं आणि शेवटी एक लिटर पाणी पोटात ठेवलं म्हणे. आता पट्टी ओली होतेय, ती घाबरलीये. तिला शुगर पण आहे. (पुणे)

उत्तर : ते बहुतेक ॲडेप्ट असणार, आयकोडेक्स्ट्रिन या स्टार्चपासून केलेल्या पदार्थाचं ४ टक्के द्रावण. ऑपरेशन चालू असताना त्यानेच धुतात आणि शेवटी एक लिटर आत ठेवतात, अवयव त्यात तरंगत राहतात आणि ते काही दिवसांत शोषलं जातं. छिद्रांतून थोडं पाणी झिरपणं, पोट जड वाटणं, खालच्या भागाला सूज येणं हे होऊ शकतं, पट्टी बदलत राहायला सांगा.

शुगरचं मात्र आजच बघा, फोन ठेवायच्या आधी. आयकोडेक्स्ट्रिनमुळे काही ग्लुकोमीटर शुगर खोटी जास्त दाखवतात, ज्यांच्या टेस्ट-स्ट्रिपमध्ये जीडीएच-पीक्यूक्यू प्रकारचं एन्झाइम असतं ते, आणि तो आकडा बघून इन्सुलिन वाढवलं तर शुगर धोकादायक खाली जाऊ शकते. स्ट्रिपच्या डबीवरचं नाव वाचून तिथल्या फार्मसिस्टला किंवा वॉर्डला विचारायला सांगा, तोवर नुसत्या मीटरच्या आकड्यावर डोस वाढवायचा नाही. घाम फुटला, हात थरथरले तर मीटर काहीही दाखवो, आधी साखर खायची आणि लगेच हॉस्पिटलला कळवायचं. आणि ताप, वाढत जाणारी पोटदुखी, उलट्या किंवा गॅस-शौच बंद झालं तर वाट न बघता थेट इमर्जन्सीत.