हँडलरची साखळी लावताना

नेट-एसएनएमपीचा (नेटवर्कवरच्या उपकरणांवर लक्ष ठेवायचं सॉफ्टवेअर) एजंट, म्हणजे उपकरणावर बसून विनंत्यांना उत्तर देणारा प्रोग्राम, लिहायला घेतलास, छान. फक्त सगळं एकाच हँडलरमध्ये, म्हणजे विनंती हाताळणाऱ्या एकाच फंक्शनमध्ये, कोंबू नकोस. गेटबल्कचं (एकदम बऱ्याच व्हॅल्यू मागणारी विनंती) गेटनेक्स्ट (फक्त पुढची व्हॅल्यू मागणारी) करणारा, सेट (व्हॅल्यू बदलायची विनंती) अडवणारा, टेबलची ओळ शोधणारा असे तयार हँडलर पुढे लाव. तुझा अगदी शेवटी. क्रम चुकला की मुसळ केरात! सेट अडवणारा, म्हणजे रीड-ओन्ली, मागे राहिला, तर सेट थेट तुझ्या कोडात घुसतो.

सेटकडे मात्र जिवापाड लक्ष दे. त्याचे टप्पे ओळीने असे: रिझर्व्ह१, रिझर्व्ह२ (तपासणी आणि तयारी), अ‍ॅक्शन (प्रत्यक्ष बदल), कमिट (बदल पक्का). अ‍ॅक्शनला बिनसलं तर अनडू, म्हणजे केलेला बदल मागे फिरवणं. अंधेरीच्या ऑफिसात मी अनडू ‘नंतर बघू’ म्हणून सोडला होता. एकाच विनंतीत नेटवर्क स्विचचे दोन पोर्ट बदलायचे होते. दुसऱ्याला नकार आला, पहिला बंदच राहिला. शेवटची लोकल सुटली तरी मी स्विचपाशी उभा. जुनी व्हॅल्यू अ‍ॅक्शनच्या आधीच, रिझर्व्ह२मध्ये जपून ठेव.