सांगलीहून पुण्याच्या कॉमिक्स महोत्सवात टेबल आणि दुसऱ्या दिवशी परिषदेत निबंध: महिनाभरात तयारी कशी करावी?

तुम्ही लिहिलंय त्याप्रमाणे तुमच्या मराठी कॉमिकची आतली २४ पानं काढून तयार आहेत, स्वतंत्र कॉमिक्सच्या महोत्सवात विक्रीसाठी अर्धं टेबल मिळालंय आणि दुसऱ्या दिवशी कॉमिक्स-अभ्यासाच्या परिषदेत चित्रं दाखवत कथा सांगण्याच्या चित्रकथी परंपरेवर २० मिनिटांचा निबंध आहे. आधी छपाई मार्गी लावा. निबंध एसटीत बसूनही सुधारता येतो, छापलेली प्रत नाही.

मराठी कॉमिक्सची माती होते ती संवादाच्या फुग्यातल्या मजकुरात. फाइल प्रेसमधल्या कोरल ड्रॉ या सॉफ्टवेअरमध्ये उघडली गेली की बऱ्याचदा युनिकोड मजकुराची पहिली वेलांटी उड्या मारते, जोडाक्षरांचे पाय मोडून हलन्त उघडे पडतात आणि ऑपरेटरला मराठी येत असलं तरी घाईत ते दिसत नाही. पानं मांडायला इनडिझाइन वापरत असाल तर त्यातला वर्ल्ड-रेडी कंपोझर (देवनागरीसारख्या लिप्या नीट जुळवणारा पर्याय) निवडा, शेवटी सगळा मजकूर आउटलाइनमध्ये, म्हणजे अक्षरांच्या आकृत्यांमध्ये बदला आणि फक्त पीडीएफ द्या. आउटलाइन करण्याआधीची फाइल वेगळी जपून ठेवा, नाहीतर एक ऱ्हस्व-दीर्घ सुधारायला अख्खा फुगा नव्याने लिहावा लागेल.

रेघांचं काम ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करा, रंगीत असेल तर ३०० पुरे. काळी रेघ निव्वळ काळ्या शाईची ठेवा. आरजीबी या पडद्याच्या रंगपद्धतीतला काळा छपाईत चार रंगांचा होतो, ते रंग केसभर सरकले तरी बारीक अक्षराला सावली येते.

आकार ए-फाइव्ह धरा, मधल्या घडीवर सेंटर पिन मारून घ्या. पानसंख्या चारच्या पटीत लागते. तुमच्या २४ पानांना ए-फोर आकाराचे ६ कागद आणि वर एक कव्हर. कडेपर्यंत चित्र जात असेल तर ३ मिमी ब्लीड (कापायच्या रेषेबाहेर जाणारं जादा चित्र) हवा, म्हणजे साध्या ए-फोर झेरॉक्सवर ते जमणार नाही. १३ बाय १९ इंची शीटवर छापणारी डिजिटल प्रेस गाठा. घडी घातल्यावर मधली पानं अर्धा-पाऊण मिलिमीटर बाहेर येतात आणि कटिंगमध्ये तेवढीच कापली जातात, म्हणून फुगे कडेपासून निदान १० मिमी आत घ्या. कागद आत १०० जीएसएम (दर चौरस मीटरला ग्रॅम), कव्हर २२० जीएसएम. कव्हरला क्रीझिंग, म्हणजे घडीच्या जागी आधीच दाबून रेघ, करायला सांगा, आणि ग्रेन (कागदाच्या तंतूंची दिशा) घडीला समांतर आहे ना ते विचारा. आडवा असला की घडीवरची छपाई तडकते. सगळी छपाई सोडण्याआधी एक डमी (नमुना प्रत) हातात घेऊन पान न पान उलटा. दोन पानांची अदलाबदल पडद्यावर कधीच सापडत नाही.

पहिल्या खेपेला अर्ध्या टेबलावर ५०-६० प्रती खूप झाल्या. चार-पाचशेच्या आत ऑफसेटच्या प्लेटचा खर्च सहसा परवडत नाही, आणि डिजिटलवर पुन्हा छापता येतं. एक प्रत साधारण ५० ग्रॅमची, म्हणजे ६० प्रतींचं ओझं ३ किलो, पाठीवरच्या सॅकमध्ये मावतं. महालक्ष्मी एक्सप्रेस मुंबईसाठी सोयीची आहे, पुण्यात मात्र ती भलत्या वेळी उतरवते, तेव्हा एसटीच बरी.

टेबलावर गठ्ठा आडवा ठेवला तर कुणी बघत नाही. दोन प्रती उभ्या करा, एक चाळायला मोकळी ठेवा. किंमत १०० नाहीतर १५० ठेवा. १२० ठेवलीत तर दिवसभर सुट्टे शोधत बसाल. क्यूआर कोड छापून न्या, पण हॉलमध्ये नेटवर्क रडतं, तेव्हा सुटी रोकड हवीच. ज्यांना मराठी वाचता येत नाही त्यांच्यासाठी कथेच्या दोन ओळी हिंदी-इंग्रजीत लिहिलेलं कार्ड ठेवा.

आता निबंध. वीसपैकी पाच मिनिटं प्रश्नांना जातात. चित्रं दाखवत वाचायचं म्हणजे १४०० शब्दांपुढे जाऊ नका. ए-फाइव्हचं उभं पान आडव्या पडद्याची जेमतेम ४० टक्के रुंदी व्यापतं, फुग्यातलं काहीच वाचता येत नाही. अख्खं पान आधी मांडणीसाठी दाखवा, मग चौकटींची एकेक पट्टी मोठी करून. समीक्षेसाठी चित्र उद्धृत करायला १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये जागा आहे, तरी चित्रकाराचं नाव, वर्ष, पान क्रमांक चित्राखालीच द्या.

चौकटींमधली मोकळी जागा वाचक मनातल्या मनात भरून काढतो, हे कॉमिक्सकार स्कॉट मॅक्लाउड यांनी १९९३ साली मांडलं, ते सभागृहात बहुतेकांना पाठ असतं, ते समजावण्यात तीन मिनिटं घालवू नका. आणि सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या चित्रकथीला ‘आपलं जुनं कॉमिक्स’ म्हणून मोकळे होऊ नका. तिथे पोथीतली चित्रं कथेकरी एकामागून एक धरून दाखवतो, ती शेजारीशेजारी नसतात, आणि पुढचं चित्र कधी यायचं ते प्रेक्षक नाही, कथेकरी ठरवतो. पहिला प्रश्न याच्यावरच येईल, तेव्हा हा फरक निबंधात तुम्हीच आधी मांडा.