भरती-ओहोटीच्या चिखलावरच्या सूक्ष्म शैवालाच्या वाढीचं मॉडेल मोजमापांशी का जुळत नाही?

तुम्ही म्हणता, दिवसभराच्या प्रकाशाची सरासरी घेऊन नेहमीचं लॉजिस्टिक समीकरण (आधी वेगाने वाढ, मग एका मर्यादेला थांबणारी) चालवलं, तर वाढीची रेषा अगदी सपाट आली; मोजमापांत मात्र पंधरवड्याचे चढउतार दिसतात. माझ्या पहिल्या मॉडेलचंही हेच झालं होतं. मी समीकरणाचे गुणांक बदलत बसलो, आणि चूक होती सरासरीत.

चिखलातले डायटम, म्हणजे हे एकपेशीय सूक्ष्म शैवाल, एका जागी राहत नाहीत. दिवसा ओहोटीला चिखल उघडा पडला की ते वर सरकतात, पृष्ठभागावर सोनेरी-तपकिरी साय धरते, आणि पाणी परतण्याआधी ते पुन्हा खाली जातात. (हे सरकणं मला अजूनही थक्क करतं.) बारीक चिखलात प्रकाश जेमतेम मिलिमीटरभर शिरतो. भरतीचं पाणी गढूळ असेल, तर ऊन आणि ओहोटी एकत्र येतात तेवढे काही तासच वाढीचे. ओहोटीची वेळ रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून हा मेळ साधारण 15 दिवसांनी परत जुळतो. तुमचे चढउतार इथले आहेत. शिवाय एका किनाऱ्यावर उधाणाची (अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराची, सर्वांत मोठी) ओहोटी दर वेळी जवळपास त्याच प्रहराला येते. ती भर दुपारची असेल तर उधाणात उत्पादन वाढतं. सकाळ-संध्याकाळची असेल तर भांगाचे (अष्टमीच्या सुमाराचे, कमी भरती-ओहोटीचे) दिवस सरस ठरू शकतात.

तेव्हा मॉडेलमध्ये जैवभाराचे (शैवालाच्या एकूण वस्तुमानाचे) दोन साठे करा: वरची साय आणि खालच्या पहिल्या सेंटिमीटरमधला साठा. ग्वारिनी, ब्लांशार हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2000 च्या सुमारास फ्रान्समधल्या मारेन-ओलेरॉन उपसागरासाठी हीच मांडणी केली. प्रकाशसंश्लेषण फक्त साय करते. ती भरली की जास्तीच्या पेशी खालच्या साठ्यात जातात. वाढीला मर्यादा इथूनच येते.

वेळेचा टप्पा मिनिटांचा ठेवा. उघड्या चिखलाचं तापमान तासाभरात दोन-तीन अंश चढू शकतं, आणि या डायटमना साधारण 25 अंशांच्या आसपासचं मानवतं. उन्हाळ्यातली घट बऱ्याचदा यातून समजते.

गोगलगायींचं चरणं आणि लाटांनी चिखल ढवळला जाणं, या दोन्हींसाठी सुरुवातीला एकच स्थिर घट-दर पुरे. आधी भरतीचं कोष्टक आणि सूर्याची वेळ जोडून मॉडेल चालवा, पंधरवड्याची लाट उमटते का बघा. ती उमटेपर्यंत गोगलगायींना हात लावू नका.