फिरोज्याचा रंग गेला, माळही तुटली: मण्याचं वेज बघा

ताई, घामानं फिरोज्याचा निळा रंग ब्लाउजच्या गळ्याला लागला आणि महिन्याभरात माळ तुटली, या तुमच्या दोन्ही तक्रारींचं उत्तर बहुतेक मण्याच्या वेजातच, म्हणजे दोरा ओवायच्या भोकातच, सापडेल. सांडलेल्यातला एक मणी खिडकीशी धरा आणि भोकात डोकावून बघा.

कडेला रंग साचलेला आणि आत पांढरं दिसलं तर तो फिरोजा नव्हे, बहुधा रंगवलेला हौलाइट. मुळात पांढरा, करड्या-काळ्या रेघांचा, सच्छिद्र दगड. रंग पटकन पितो. दगडांच्या १ ते १० या मोहस मापावर त्याचा कठीणपणा ३.५ च्या आसपास, फिरोज्याचा ५ ते ६. नेलपेंट रिमूव्हरमध्ये बुडवलेला कापूस एकाच मण्यावर चोळा. निळा उतरला की विषय संपला. मोत्यांवर मात्र हे करू नका. गालाला लावून गार लागतो का बघा, असं सगळे सांगतात. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी काय गार लागणार! शिवाय त्यातून प्लास्टिक तेवढं कळतं, काच नाही. हौलाइट वाईट नाही हो, फक्त हौलाइटच्या भावात घ्यावा.

आता तुटण्याचं. भोकाची कड टवका उडालेली असेल तर ती दोरा करवतीसारखी कापते. मी एकदा अकिकाची (अ‍ॅगेट दगडाची) लाइन, म्हणजे ओवलेल्या सुट्या मण्यांची सर, स्वस्तात घेतली, रेशमात गाठवली आणि भाचीच्या हळदीत घातली. मणी थेट हळदीच्या पाटाखाली! घरी येऊन बघितलं तर निम्म्या मण्यांची एका बाजूची कड फुटलेली. वेज एकाच बाजूनं पाडलं की ड्रिलची सुई बाहेर पडते तिथं असं होतं. चांगला कारागीर दोन्हीकडून पाडून मध्ये मिळवतो. तेव्हापासून मी दगडी मण्यांना गिअर वायर (प्लास्टिकचं आवरण असलेली बारीक तार) आणि तिची टोकं दाबून बसवायचे छोटे गिअर लॉकच वापरते. रेशीम फक्त मोत्यांना, तेही दर दोन मण्यांमध्ये गाठ मारून.

‘आपल्याकडचा दगड मिळेल का’ असंही विचारलंत. आपल्या काळ्या खडकातल्या पोकळ्यांत अकीक तयार होतो. शेतात नांगराला लागणाऱ्या गारगोट्यांत तोही असतो. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात पैठणहून असे दगड भरपूर प्रमाणात गाड्यांनी गुजरातेतल्या भडोच बंदराला जात असल्याचं लिहिलंय. आज आपण उलट त्याच बाजूच्या खंबायतहून तयार मणी मागवतो. शेतातली गारगोटी घासून, वेज पाडून घ्यायची हौस असेल तर करा, पण एका मण्यासाठी फार खटाटोप होतो.

नवीन घेताना ‘एक लाइन’वर भागवू नका. १६ इंचाच्या लाइनमध्ये ८ मिलिमीटरचे साधारण ५० मणी येतात. १८ इंची माळेला कमी पडतील. दोन लाइनी एकाच लॉटमधल्या घ्या, नाहीतर रंग जुळत नाही. अमेथिस्ट (जांभळा दगड) घेतलात तर उन्हात ठेवू नका, फिकट पडतो.

जुन्या मण्याच्या भोकाचा फोटो टाका, बघते.